किलोमागे तांबे किती?

‘वायरीचे भंगार घेण्याचा फिरता धंदा सुरू करायचा आहे, भांडवल किती लागेल?’ हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. विचारणारे बहुतेक जण वायरमन किंवा टेम्पोचालक असतात, आणि अलीकडे नोकरी सुटलेले एक-दोन इंजिनिअरही विचारून गेले. भोसरी ते चाकण या पट्ट्यात मी २०१७ पासून हा धंदा करतो. त्याआधी आयटीआयचा वायरमन ट्रेड करून नऊ वर्षे एका इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडे काम केले. आजवर मी फोनवर अर्धवट काहीतरी सांगून वेळ मारून नेत आलो. आता एकदाचे बसून सविस्तर लिहितो आहे.

भांडवलाकडे मी शेवटी येईन, कारण त्याआधी विचारायला हवा असा एक प्रश्न कोणीच विचारत नाही. हातातल्या एक किलो वायरीत तांबे किती ग्रॅम आहे?

माझे वडील इंदापूर तालुक्यात ऊस करतात. कारखान्याला ऊस गेला की आमच्या घरात दोनच आकड्यांची चर्चा असे, टनेजची आणि उताऱ्याची, म्हणजे उसातून शेकडा किती साखर निघाली त्याची. उसाचा रास्त व किफायतशीर भाव आजही १०.२५ टक्के पायाभूत उतारा धरून ठरतो. वायरीच्या भंगाराचे तंतोतंत तसेच आहे. बाजारात याला ‘रिकव्हरी’ म्हणतात, पण माझ्या तोंडी लहानपणापासून बसलेला ‘उतारा’ हाच शब्द येतो. विकणारा तुम्हाला वायर देतो आणि तुम्ही पुढे शेठला, म्हणजे भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्याला, तांबे देता. मधल्या प्लास्टिकचे पैसे तुम्ही तांब्याच्या भावाने मोजले असतील, तर कितीही फिरलात तरी टेम्पोच्या डिझेलचे पैसे सुटणार नाहीत.

हा उतारा काढायची रीत सोपी आहे. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घ्यावा, वायरीचा हातभर तुकडा तोडून त्याचे वजन करावे, मग तो सोलून नुसत्या तारेचे वजन करावे आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. मी पहिल्या वर्षी अशा १४० नोंदी केल्या. घरातल्या दीड चौरस मिलिमीटरच्या एकेरी वायरीचा उतारा माझ्या वहीत शेकडा पासष्टच्या आसपास आहे, अडीचच्या वायरीचा त्याहून थोडा जास्त, तर तीन तारी लवचिक वायरीचा चाळीस-पंचेचाळीस. चार्जरच्या आणि संगणकाच्या बारीक वायरींचा उतारा इतका घसरतो की त्या सोलण्यात वेळ घालवू नये. त्या तशाच्या तशा बाजूला साठवाव्यात आणि वायरींचा चुरा करून तांबे वेगळे करणाऱ्या मोठ्या यंत्रवाल्याला द्याव्यात.

कागदावरचा हिशेबही यावा. तांब्याची घनता घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम आहे, म्हणून एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचे मीटरला ८.९६ ग्रॅम वजन भरते. नव्वद मीटरचे अडीचचे अख्खे बंडल धरले तर त्यात दोन किलो तांबे असते, आणि दीडच्या बंडलात एक किलो दोनशे ग्रॅम. एखादा मनुष्य अडीचच्या बंडलात तीन किलो तांबे आहे असे शपथेवर सांगू लागला, तर त्याच्याशी वाद न घालता चहा पिऊन निघावे.

आता माझी फजिती सांगतो. २०१८ साली मोशीच्या एका इमारतीच्या कामावरून मी ४२ किलो मिसळीचा माल एकाच भावाने उचलला. वरती दीडच्या आणि अडीचच्या वायरींची लाल-पिवळी भेंडोळी होती, ती पाहून मी भाव बोललो आणि पैसेही देऊन टाकले. घरी येऊन ताडपत्रीवर ढीग ओतला तेव्हा तळाशी अकरा किलो काळी डिश अँटेनाची वायर निघाली. त्या वायरीची मधली तार दिसायला लालभडक असते, पण चुंबक लावला की टपकन चिकटतो, कारण ती आतून लोखंडाची असून तिच्यावर तांब्याचा नुसता मुलामा असतो. भोवतीची जाळी अ‍ॅल्युमिनिअमची असते. त्या अकरा किलोंचे पैसे पाण्यात गेले. तेव्हापासून ढीग पाहून भाव बोलायचा नाही, आधी ताडपत्री पसरायची आणि विकणाऱ्यासमोरच वेगवेगळे गट करायचे, असे मी ठरवून टाकले. सुरुवातीला लोकांना हे खटकते. ‘काय दादा, विश्वास नाही का?’ असे विचारतात. मी त्यांना म्हणतो, ‘विश्वास आहे काका, पण डोळे अधू आहेत.’

चुंबकाला न सापडणारी फसवणूकही असते. काही स्वस्त नेटवर्क केबलींमध्ये अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेवर तांबे चढवलेले असते. तारेचे टोक ब्लेडने तिरके तासावे आणि उन्हात धरावे. बाहेर लाल कडे आणि आत पांढरा ठिपका दिसला की ते तांबे नव्हे. याच्या उलट, जुन्या रबरी वायरींची तार वरून पांढरी दिसते म्हणून अनेक जण ती अ‍ॅल्युमिनिअमच्या भावात देऊन टाकतात, पण ती कल्हई केलेले तांबे असते आणि घासली की आतून लाल निघते. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातही सावध राहावे लागते. स्वस्त पंख्यांच्या आणि मोटारींच्या गुंडाळीत अ‍ॅल्युमिनिअमची तार असते, आणि तिच्यावरचे इनॅमल तांबूस असल्यामुळे ती गुंडाळी हुबेहूब तांब्याची वाटते. मात्र हातात घेतली की वजनच सांगते, कारण अ‍ॅल्युमिनिअमची घनता अवघी २.७ आहे.

धंदा फिरताच का करावा, असेही विचारतात. रिवाइंडिंगची दुकाने, फ्लॅटचे जुने वायरिंग बदलणारे ठेकेदार, पॅनेल बांधणारे छोटे कारखाने, या सर्वांकडे आठवड्याला पाच-दहा किलो माल निघतो. तेवढ्यासाठी कोणी गोदामापर्यंत येत नाही, आणि आलेच तर तिथल्या भावाने नाराज होऊन परत जाते. आपण ठरलेल्या वारी त्यांच्या दारात गेलो तर तो माल कायमचा आपला होतो. माझे मंगळवार-शुक्रवार भोसरी आणि बुधवार-शनिवार चाकण असे वार आठ वर्षांत फारसे बदललेले नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीतल्या भंगाराच्या शेड पाडल्या तेव्हा माझे दोन खरेदीदार शेठ जागा बदलून दूर गेले, पण माझे दुकान चाकांवर असल्याने मला फक्त विक्रीचा रस्ता लांब पडला. दारात जाऊन माल घेताना काटा मात्र निर्दोष हवा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी नव्याने मारून घ्यावा लागतो. मी तो विकणाऱ्याला आपणहून दाखवतो आणि काट्याचा आकडा नेहमी त्याच्याकडे तोंड करून ठेवतो.

आता चोरीच्या मालाविषयी, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे. मी ठेकेदाराकडे नोकरीला असताना एका रात्री आमच्या विहिरीवरची केबल चोरांनी तोडून नेली. पाण्यातल्या मोटारीची ती तीन तारी चपटी केबल अडीचची होती आणि शंभर मीटर होती, म्हणजे हिशेबाने तिच्यात सहा किलो सातशे ग्रॅम तांबे होते. चोराने ते कोणा भंगारवाल्याला निम्म्या भावात दिले असणार. आमच्या वाट्याला नव्या केबलीचा खर्च, मोटार पुन्हा सोडायची मजुरी आणि दहा दिवस पाण्यावाचून सुकलेली उसाची लागण आली. वडील तेव्हा एकच वाक्य बोलले होते, ‘घेणारा आहे म्हणून तोडणारा आहे.’ पुढे मी स्वतःच घेणारा झालो, आणि ते वाक्य टेम्पोत माझ्या शेजारी बसून रोज माझ्याबरोबर फिरते.

म्हणून चपटी मोटारीची केबल घेऊन कोणी पायी किंवा दुचाकीवर आला, तर भाव कितीही कमी असला तरी मी ती घेत नाही. दोन्ही बाजूंना खाच असलेली जाड भरीव तांब्याची तार रेल्वेच्या विद्युतमार्गाची असते, आणि तिच्यासाठी १९६६ चा रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याचा स्वतंत्र कायदा आहे. विजेच्या लाइनची तार चोरणाऱ्याला वीज कायदा २००३ चे कलम १३६ लागते आणि ती जाणूनबुजून घेणाऱ्याला कलम १३७. इतर चोरीच्या मालासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आहे. माझ्या वहीत प्रत्येक खरेदीपुढे नाव, आधारची छायाप्रत, गाडीचा क्रमांक आणि मालाचा फोटो असतो. कामावरचा माल असेल तर ठेकेदाराच्या शिक्क्याची चिठ्ठी घेतल्याशिवाय मी काटाही उघडत नाही. एकदा पोलीस चौकशीला आले तेव्हा ती वही पुढे केली आणि अर्ध्या तासात विषय संपला.

जाळलेली तारही मी घेत नाही. वायर जाळली की सोलण्याची मेहनत वाचते, हे खरे आहे. परंतु पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा घशाला ओरबाडणारा धूर निघतो, डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात, आणि तांबे काळवंडून त्याचा दर्जाही उतरतो, म्हणजे शेठ भाव कमी देतो. शिवाय वायरीवरचा कंपनीचा छाप आणि रंग नाहीसा करण्याचा चोरांचा तोच मार्ग आहे. आम्ही सर्व माल हाताच्या यंत्रावर सोलतो. जाड वायरी असतील तर एक मनुष्य दिवसाला पंचवीस-तीस किलो उरकतो. निघालेले पीव्हीसीचे साल पोत्यात भरून ठेवावे, कारण चपलांचे तळ आणि पाण्याचे पाइप करणारे ते विकत नेतात. त्यातून माझ्या यंत्राची पाती आणि हातमोजे यांचा खर्च निघतो.

भाव रोज सकाळी बदलतो. लंडनच्या धातुबाजारात मे २०२४ मध्ये तांबे टनाला ११,००० डॉलरच्या वर गेले आणि ऑगस्टमध्ये ९,००० च्या खाली आले. भाव आणखी चढेल म्हणून मे महिन्यात माल दाबून बसलेल्या माझ्या एका मित्राचा वर्षभराचा नफा त्या तीन महिन्यांत गेला. मी दर शनिवारी गाडी रिकामी करतो, मग भाव काहीही असो. कधी चढ्या भावाला मुकतो, पण झोप लागते.

करांचे थोडक्यात सांगतो, सविस्तर सनदी लेखापालाला विचारा. वर्षाची उलाढाल ४० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी सक्तीची होते. ही रक्कम ऐकायला मोठी वाटते, पण तांब्याचा भाव किलोला ८०० रुपये धरला तर पाच टनांतच ती पुरी होते, म्हणजे दिवसाला सोळा-सतरा किलो. नोंदणी झाल्यावर, बिननोंदणीच्या माणसाकडून धातूचे भंगार घेतले तर त्यावरचा १८ टक्के कर १० ऑक्टोबर २०२४ पासून घेणाऱ्यानेच भरायचा असतो. त्याची वजावट पुढे मिळते, परंतु पैसे आधी खिशातून जातात, आणि नवखे लोक नेमके इथे अडकतात. एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांवर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरला जात नाही, तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच द्यावी.

आता भांडवल. २०१७ मध्ये मी जुना छोटा हत्ती १ लाख ८० हजारांना घेतला, सोलायचे हातयंत्र ६ हजारांना, दोन काटे ९ हजारांना, आणि फिरवायला १ लाख रुपये रोख ठेवले. तेव्हा लाखात अडीचशे किलो तांबे येत असे, आज त्याच्या निम्मेही येत नाही, म्हणून फिरवायच्या रकमेचा आकडा तुम्ही आजच्या भावाने काढा. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज आहे, पण ते टेम्पोसाठी घ्यावे. माल घ्यायला कर्ज काढले की शनिवारी गाडी रिकामी करायचे धैर्य राहत नाही.

टेम्पो घेण्याआधी मात्र ग्रॅमचा काटा, ब्लेड, कानस आणि चुंबक एवढेच विकत घ्या आणि ओळखीच्या वायरमनकडून तुकडे मागून आणून महिनाभर सोलत बसा. माझी १४० नोंदींची वही अनेक जण मागतात. मी ती देत नाही, कारण आता बाजारात येणाऱ्या वायरींचे प्लास्टिक कंपनीगणिक वेगळे आहे आणि माझे निम्मे आकडे शिळे झाले आहेत. मी स्वतः या जानेवारीत नवी वही घातली आहे, तिच्यात अजून अठराच नोंदी झाल्या आहेत.