आईची बेल

आई रोज रात्री जेवणाआधी पोटाची चिमूट धरून इन्सुलिनचं पेन टोचते, दहापर्यंत आकडे मोजते आणि मग सुई काढते. परवा तिने विचारलं, "हे आत जाऊन करतं काय गं नेमकं?" एम.एस्सी.ला हीच साखळी घोकून मी पानंच्या पानं लिहिली होती, पण तिला सांगताना त-त-प-प झालं.

म्हटलं, पेशीत साखर शिरावी म्हणून इन्सुलिन स्वतः आत जात नाही. बाहेरच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, म्हणजे बेल दाबतं. बेल वाजली की रिसेप्टरचे आतले दोन भाग एकमेकांवर फॉस्फेट चिकटवतात. मग आयआरएस, पुढे पीआय-३-कायनेज, मग एकेटी, असा पेशीतल्या एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे निरोप हातोहात सरकतो. शेवटी आत दडवलेल्या इवल्या पिशव्या वर येऊन पेशीच्या आवरणात मिसळतात. त्यांत असतं ग्लुट-४, ग्लुकोजचं दार! निदान स्नायू आणि चरबीच्या पेशींत तरी. (ही नावं ठेवणाऱ्यांना बारशाला कोणी बोलवू नये.)

"मग माझं अडतं कुठे? बेल तर मी रोज दाबते."

टाइप २ मधुमेहात बेल वाजते, पण निरोप मधल्यामधे अडतो, बऱ्याचदा आयआरएसच्या आसपासच. मात्र चालताना स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा ग्लुट-४ इन्सुलिनच्या निरोपाशिवायही वर येतं.

"म्हणजे मागचं दार! आधी नाही का सांगायचंस?"

जेवण झाल्यावर चपला घालून सोसायटीला चार फेऱ्या मारून आली. वर मात्र लिफ्टने.