सिन्नरच्या कातळावरील एका शैवाकाची ओळख

शैवाक (लायकेन) म्हणजे बुरशी आणि तिच्यासोबत राहून प्रकाशसंश्लेषण करणारा जोडीदार यांचा एकत्र जीव. मसाल्यात वापरले जाणारे दगडफूल हेही शैवाकच, पण ते पानासारखे पसरते आणि हाताने सोलून काढता येते. नाशिकहून सिन्नरकडे जाताना लागणाऱ्या एका उघड्या टेकडीच्या उभ्या बेसॉल्टवर मला आढळलेले शैवाक मात्र जेमतेम ३ ते ५ मिलिमीटरच्या तपकिरी-हिरवट खवल्यांचे होते. पांडवलेणी संरक्षित स्मारक असल्याने तेथील दगडाला छिन्नी लावण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून जमीनमालकाच्या परवानगीने या टेकडीवरून एक छोटी कपची काढून कागदी पाकिटात ठेवली.

दहापट भिंगाखाली प्रत्येक खवला मधोमध एकाच ठिकाणी दगडाला चिकटलेला आणि कडेने सुटा दिसला. कडांवर काळपट-निळसर भुकटी होती. शैवाके ओळखताना रसायनाच्या थेंबाने रंग बदलतो का, हे पाहतात; येथे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या (पोटॅशच्या) थेंबाने रंग बदलला नाही, ब्लीचनेही नाही. अशा नकारावर विश्वास ठेवण्यापूर्वी द्रावण शिळे नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. त्याच कपचीवरील नारंगी शैवाक पोटॅशने लगेच जांभळट झाले, त्यामुळे ती शंका मिटली. पाण्याने भिजवल्यावर खवले थोडे फुगले, परंतु जेलीसारखे झाले नाहीत, म्हणून भिजल्यावर जेलीसारखा होणारा कोलेमा हा शैवाकांचा वंश बाजूला पडला. ब्लेडने घेतलेल्या पातळ छेदात सूक्ष्मदर्शकाखाली गवती हिरव्या नव्हे, तर निळसर हिरव्या पेशी दिसल्या, म्हणजे बुरशीचा जोडीदार हिरवे शैवाल नसून सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू) होता.

या पेशींमुळे जागेचाही उलगडा झाला. हिरव्या शैवालाची अनेक शैवाके केवळ दमट हवेवर प्रकाशसंश्लेषण सुरू करू शकतात, सायनोबॅक्टेरियांच्या शैवाकांना मात्र प्रत्यक्ष पाणी लागते. वर्षातील बहुतेक महिने तापणाऱ्या त्या कातळावर हे खवले नेमके भेगेखालच्या, पावसाळ्यात पाणी ओघळणाऱ्या पट्ट्यातच होते. हातभर बाजूच्या दगडावर एकही नव्हता. नमुन्याच्या चिठ्ठीवर बरेच जण नुसते ‘कोरडा खडक’ लिहितात, ते मला अपुरे वाटते. मी उताराची दिशा, भेग आणि ओघळ यांचीही नोंद केली.

मधला एकच आधार, कडेची भुकटी आणि ही जागा यांवरून वंश पेल्टुला ठरवला व प्रजाती ‘बहुधा युप्लोका’ अशी लिहिली. फलांगे (बीजाणू तयार करणारे भाग) मिळाली असती, तर या वंशात एकेका बीजाणुधानीत, म्हणजे बीजाणूंच्या पिशवीत, नेहमीच्या आठांहून कितीतरी अधिक बीजाणू असतात, ही खूणही तपासता आली असती. पाकिटातील एकाही खवल्यावर ती नव्हती, म्हणून ‘बहुधा’ हा शब्द अद्याप खोडलेला नाही.