मेच्या सुट्टीतलं वाळवण, ठाण्याच्या गच्चीवर

शाळेला सुट्टी लागते 2 मेच्या आसपास, आणि वाळवणासाठी खणखणीत ऊन त्यानंतर जेमतेम पंधरा-वीस दिवस मिळतं. पावसाची नेहमीची तारीख 11 जून खरी, पण 2025 साली मान्सून 26 मेलाच मुंबईत येऊन थडकला. म्हणून आधी वाळवण, मग गाव.

फ्लॅटमध्ये कुरडयांच्या वाटेला जाऊ नये. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वर तो आंबूस वास घरभर. त्या सरळ विकत आणाव्यात. बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या पापड्या मात्र दोन कडक उन्हांत वाळतात.

कीसासाठी 5 किलो बटाटे घेतले तर हाती सुकलेला किलोभर लागला तरी खूप. कोल्ड स्टोरेजमधला गोडसर बटाटा नको. त्यात साखर वाढलेली असते आणि कीस तळताना लालकाळा होतो. ‘वेफर्ससाठी हवाय’ म्हटलं की भाजीवाल्याला बरोबर कळतं. सोलायचं काम मुलांचं, किसणी मोठ्यांच्याच हातात. बटाटा लांबीच्या बाजूने एकाच दिशेने किसावा आणि थेट पाण्यात पाडावा, ताटात पाडला की हवेने काळा पडतो. पाणी नितळ येईपर्यंत तीन-चारदा धुवा. पिठूळपणा राहिला तर कीसाचे गोळे होतात. मग उकळत्या पाण्यात मीठ घालून दोन-तीन मिनिटं, बोटाने दाबल्यावर मोडेल पण लगदा होणार नाही इतपत. पाणी आमटीपेक्षा कमी खारट हवं, कारण सुकल्यावर मीठ पुढे येतं.

पापड्यांना 1 वाटी साबुदाणा 2 वाट्या पाण्यात रात्रभर. सकाळी 4 वाट्या उकळत्या पाण्यात घालून ढवळत राहा. दाणा काचेसारखा दिसला पाहिजे, मधे पांढरा ठिपका उरला तर तळलेल्या पापडीत तो दाताखाली खड्यासारखा येतो. जिरं, मिरचीचं वाटण, मीठ. पळीतून सावकाश पडेल इतकं सैल ठेवा. गार होताना ते घट्ट होतं, म्हणून गरम पाणी जवळ असू द्या. फार पातळ झालं तर पापडीची जाळी होते आणि सोडवताना फाटते.

गच्चीची किल्ली वॉचमनकडून आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवावी. साडेसातला वर, कारण दहानंतर लादीवर मुलांचे पाय भाजतात. खाली जुनी साडी, वर जाड प्लास्टिक. कीस मात्र सुती कापडावरच, पाणी शोषलं जातं. घोडबंदर पट्ट्यात बांधकामांची धूळ आणि कबुतरं, दोन्हींचा ताप. चार प्लास्टिकच्या खुर्च्या उलट्या ठेवून त्यांच्या पायांवर ओढणी ताणायची, चिमटे लावायचे. राखण करायला दोन मुलं पुरतात, पत्त्यांचा कॅट दिला की तक्रार नाही.

संध्याकाळी सगळं घरात, पंख्याखाली. रात्रभर गच्चीवर राहिलं तर दमट हवेने पुन्हा मऊ पडतं, आणि बुरशीची सुरुवात तिथेच होते. पापड्यांच्या कडा आपोआप उचलल्या की उलटाव्यात, ओढून काढू नयेत.

कीस कट्कन मोडला की वाळला. पण उन्हातून आणून लगेच डब्यात भरू नका. गार होऊ द्या, नाहीतर आतल्या आत वाफ धरते. तळाशी राहणारा चुरा आषाढीला तळून शेंगदाणे, तिखट, साखर घातली की चिवडा होतो.