भिंतीला कान लावून

शाळेच्या महोत्सवाच्या समितीने विषय दिला आहे ‘माझे शिक्षक’ आणि सूचना अशी की शक्यतो सर्वांचा उल्लेख यावा. मला ते जमणार नाही. मी चित्रकलेच्या बाईंविषयीच लिहिणार आहे. बाकी गुरुजनांनी राग मानू नये. त्यांनी गणित, इंग्रजी, व्याकरण शिकवलं म्हणून मी पास होत गेलो. पण आज पोट भरतो ते बाईंनी तिसरी-चौथीत शिकवलेल्या गोष्टींवर.

बाईंचं नाव लिहीत नाही, कारण आपल्या काळात ‘बाई’ म्हटलं की कुठल्या बाई हे कुणी विचारायचं नाही. नखांत वाळलेला पोस्टर कलर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि चित्रकलेच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य : “आज कागद नंतर.” इतर वर्गांना चित्रकला म्हणजे फळ्यावर काढलेलं वांगं उतरवून घेणं. आमच्या बाई आधी काहीतरी वाजवायच्या, हाताला लावायला द्यायच्या, आणि मग म्हणायच्या, “आता काढा.” काय काढा? आवाज. आवाजाचं चित्र.

तुम्हाला रव्याचा डबा आठवत असेल. पाच किलोच्या तुपाचा रिकामा डबा, तोंडावर फुग्याचा रबर ताणून दोऱ्याने बांधलेला, वर चिमूटभर रवा. एकेकाने पुढे यायचं, डब्याच्या कडेशी तोंड नेऊन ‘आऽऽ’ लावायचा. फुंकर मारायची नाही, हा कडक नियम. रवा आधी नुसता शहारायचा, आणि सूर नेमका बसला की धावत जाऊन रेघांत उभा राहायचा. संगीताचे सर शेजारच्या खोलीतून पेटीवर सूर धरायचे. खालचा सा लावला की रव्याच्या एक-दोन जाड रेघा, वरचा सा लावला की बारीक नक्षी. ती पुसायच्या आत खडूने वहीत उतरवायची. मुलींची चित्रं सुबक यायची कारण त्यांना रांगोळीची सवय. माझी कधीच नीट आली नाहीत, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली : रवा जमतो तिथे रबर स्थिर असतो, आणि रबर नाचतो तिथून रवा पळून जातो.

पुढे डिप्लोमाला असताना कळलं की जर्मनीत क्लाड्नी नावाच्या माणसाने 1787 साली हेच छापलं होतं. तो पितळेच्या पत्र्यावर वाळू टाकून कडेला व्हायोलिनचा गज ओढायचा. तासाला सरांनी फळ्यावर त्याच्या आकृत्या काढल्या तेव्हा मी शेजारच्याला म्हटलं, हे तर आम्ही तिसरीत रव्याने केलं. त्याला थाप वाटली.

बाईंना क्लाड्नी माहीत नव्हता. मग हे कुठून सुचलं, असं मी गेल्या दिवाळीत ठाण्याच्या चरईतल्या त्यांच्या घरी गेलो तेव्हा विचारलं. म्हणाल्या, “अरे, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल दारावरून गेला की उंबऱ्यापुढची रांगोळी थरथरायची. लहानपणी तासन्‌तास बघत बसायचे. शाळेत ढोल कुठून आणणार? म्हणून डबा.”

आता वर्णमालेबद्दल सांगतो. तिसरीत आमच्या हॉलच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावायचा ठरला होता. प्रत्येकाने गळ्याला दोन बोटं लावायची आणि एकेक अक्षर सावकाश म्हणायचं. बोटांना गुणगुण लागली तर अक्षर लाल, नाही लागली तर निळं. सुरुवात ‘स्‌स्‌स्‌’ आणि ‘झ्‌झ्‌झ्‌’ने. ‘स’ला गळा गप्प, ‘झ’ला भुंगा. मग क, ख, ग, घ. इथे खूप भांडणं झाली. ‘क’ म्हणताना मागून ‘अ’ येतो आणि तो गळा हलवतोच, त्यामुळे सगळी अक्षरं लाल व्हायला लागली. बाईंनी अक्षराचा पाय मोडून म्हणायला लावलं : क्‌, ख्‌, ग्‌, घ्‌. पन्नास पोरं गळा धरून ‘ग्‌ ग्‌’ करत बसलेली बघून बाहेरून जाणाऱ्या इतिहासाच्या सरांना घटसर्पाची साथ आल्यासारखं वाटलं असेल.

तक्ता पुरा झाला आणि वर्ग गप्प झाला. क ख, च छ, ट ठ, त थ, प फ : डावीकडचे दोन उभे पट्टे सबंध निळे. पुढचे तीन सबंध लाल. आम्ही कुणी ठरवून रंगवलं नव्हतं, अक्षरं मुळातच तशी रांगेत उभी होती. शेवटच्या पट्ट्यातल्या न आणि म ला तर नाकाचं हाडसुद्धा गुणगुणतं, हे कुणीतरी शोधून काढलं आणि मग सगळे नाक धरून बसले. आठवीत संस्कृतच्या तासाला ‘अघोष’ आणि ‘घोष’ हे शब्द आले तेव्हा बाकीचे पाठ करत होते, आमच्या तुकडीला नुसतं निळं आणि लाल आठवायचं होतं. मला वाटतं, ज्यांनी ही वर्णमाला लावली त्यांनीही कधीतरी गळ्याला हात लावून पाहिलाच असणार.

जलतरंगाच्या वाट्या आणि बाटल्यांचा दिवस थोडक्यात सांगतो. वाटीत पाणी वाढवलं आणि काडी मारली की सूर खाली येतो. बाटलीत पाणी वाढवलं आणि तोंडावर फुंकलं की सूर वर जातो. अर्धा वर्ग वाट्यांपाशी, अर्धा बाटल्यांपाशी, आणि दोन्हीकडचे एकमेकांना खोटं ठरवतायत. बाईंनी उत्तर दिलं नाही. “आधी काढा, मग भांडा,” म्हणाल्या. ज्याने-त्याने काय हलतंय ते रंगवायचं. चित्रं शेजारी लावली तेव्हा दिसलं की वाटीवाल्यांनी वाटीची कड रंगवली होती आणि बाटलीवाल्यांनी पाण्याच्या वरची रिकामी जागा. कडेवर पाण्याचं ओझं पडलं की ती सावकाश हलते. बाटलीतली हवा आखूड झाली की भराभर. चौथीच्या मुलांना याहून जास्त काय सांगायचं असतं?

पण मला खरं लिहायचं आहे ते टोलाबद्दल.

आपला टोल म्हणजे रुळाचा तुकडा, हे नव्या विद्यार्थ्यांना माहीत नसेल. ठाण्यात रुळाला काय तोटा! देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघून इथेच आली. तो तुकडा चित्रकलेच्या हॉलबाहेरच्या व्हरांड्यात, भिंतीतल्या लोखंडी हुकाला साखळीने टांगलेला असे. शिपाई मामा लोखंडी दांडक्याने तास संपला की एक टोल देत. शाळा सुटताना घणघणाट.

एका दुपारी बाईंनी मामांना थांबवून ठेवलं. आम्हाला सांगितलं, टोल पडला की पेन्सिल कागदावर टेकवा आणि आवाज ऐकू येतोय तोवर रेघ ओढत राहा. ऐकू येणं थांबलं की पेन्सिल उचला. डोळे मिटून.

मामांनी टोल दिला. एकेक पेन्सिल उचलली जाऊ लागली. माझी जागा भिंतीशी, डोकं सवयीने भिंतीला टेकलेलं. सगळ्यांच्या पेन्सिली खाली ठेवून झाल्या तरी माझी रेघ चालूच. कागद संपला, रेघ बाकावर उतरली. “बाई, हा खोटं करतोय!” अशी बोंब झाली. बाई माझ्यापाशी आल्या, रेघेकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं. बाक खराब केला म्हणून ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी बाकावरच्या रेघेला नवा कागद जोडून दिला आणि मामांना हाक मारली, “मामा, परत!”

दुसऱ्या टोलाला अर्धा वर्ग भिंतीला कान लावून उभा. तिसऱ्याला उरलेला अर्धा. चौथ्याला कुणी खिडकीच्या गजाला, कुणी दाराच्या चौकटीला, एक जण फरशीवर पालथा. हवेतून येणारा आवाज विरला तरी भिंतीतून तो किती तरी वेळ येत राहतो, बारीक, नाकात बोलल्यासारखा. रूळ, हूक, दगडी भिंत, माझ्या कवटीचं हाड, असा तो सरळ रस्ता होता. हे सगळं मी आत्ता जाणतेपणी लिहितोय. तेव्हा एवढंच कळलं की भिंतीच्या आत आवाज राहतो.

इकडे आमचा हा सोहळा चालला असताना वर माध्यमिकच्या मजल्यावर एका तासात चार तास संपले होते. पहिल्या टोलाला गणिताचे सर वर्गाबाहेर पडले आणि इंग्रजीचे आत गेले. दुसऱ्याला इंग्रजीचे बाहेर, भूगोल आत. तिसऱ्याला जिन्यावर सगळ्या शिक्षकांची गाठ पडली. चौथ्याला आठवीने दप्तरं उचलून मैदानाचा रस्ता धरला. मोठे सर खाली उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मामा दांडका पाठीमागे लपवत होते.

बाई पुढे झाल्या. “सर, एक मिनिट. इथे कान लावा.” आणि सरांच्या उत्तराची वाट न बघता, “मामा, एकच!”

मोठ्या सरांनी कान लावला. काळी टोपी सरकली, ती हाताने धरून ते तसेच वाकून उभे राहिले. आम्ही श्वास धरून. बऱ्याच वेळाने सरळ झाले, टोपी नीट केली आणि काही न बोलता वर गेले. बाईंना नंतर मेमो मिळाला असं काही जण सांगतात. खरंखोटं ठाऊक नाही, आणि मिळाला असला तरी बाईंनी तो रंग पुसायला वापरला असणार.

तबल्याचं एक राहिलं. बाईंनी एकदा संगीताच्या सरांकडून दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, मागून आणला आणि विचारलं, मधे काळा चंद्र कशाला? आम्ही म्हटलं, शोभेला. त्यांनी डबा आणि तबला आलटूनपालटून वाजवून दाखवले. डबा बोलतो, तबला गातो, एवढं आम्हालाही कळलं. कारण बाईंनी सांगितलं नाही, त्यांना ते माहीत नसावं. मला ते नोकरीला लागल्यावर वाचायला मिळालं. साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे सूर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे पूर्णांकात बसत नाहीत. तो काळा चंद्र म्हणजे शाई, तिच्या वजनामुळे ते बसतात, म्हणून तबल्याला सूर लावता येतो. हे पहिल्यांदा नीट दाखवलं सी. व्ही. रामन यांनी, 1920 मध्ये, नोबेलच्या दहा वर्षं आधी. रामनही कातड्यावर वाळू टाकून तिच्या आकृत्या बघत. हे वाचलं त्या संध्याकाळी मी बाईंना फोन केला. “म्हणजे आपला डबा बरोबर होता,” एवढंच म्हणाल्या.

स्वतःबद्दल लिहा असंही समितीने सांगितलंय, म्हणून चार ओळी. कारखान्यांतल्या यंत्रांची कंपनं मोजणं हा माझा धंदा. रबाळे, महापे, तळोजा, क्वचित गुजरात. मिनिटाला 1,480 फेरे घेणारी मोटर सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा फिरते. तोल गेला असेल तर उपकरणाच्या पडद्यावर नेमक्या त्याच आकड्यापाशी रेघ उंच होते. बेअरिंग खराब व्हायला लागलं की रेघा त्याच्या पुष्कळ वरच्या आकड्यांपाशी उगवतात. सेन्सर लोहचुंबकाने चिकटवायचा, रेघा वाचायच्या, आणि यंत्र बंद पडायच्या आधी सांगायचं. जुने फिटर अजूनही स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून सांगतात, आणि पुष्कळदा बरोबर सांगतात. माझ्याकडे नवीन इंजिनिअर मुलं येतात त्यांना पहिला दिवस मी उपकरण देत नाही. स्क्रूड्रायव्हर आणि कागद देतो. ऐका आणि काढा. ती हसतात. दुसऱ्या आठवड्यात हसत नाहीत.

मागच्या महिन्यात समितीच्या सभेला शाळेत आलो होतो. चित्रकलेच्या हॉलमध्ये आता संगणक कक्ष आहे, काचेच्या खिडक्या बंद, एसी चालू. टोलाच्या जागी विजेची घंटा, ती आपोआप वाजते. संगीताचा तास आठवीपासून बंद झाल्याचं कळलं. वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड आहेत आणि त्यावर ध्वनिलहरीची हलती चित्रं फार छान दिसतात, नाही म्हणत नाही. पण तिसरीच्या एका मुलाला मी विचारलं, आवाज म्हणजे काय? त्याने व्याख्या म्हटली, एकही शब्द न चुकता. गळ्याला हात लावून म्हण म्हटलं तर लाजला.

आणि बाहेरचा गोंगाट! शाळेभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात आणि तिथे दिवसा मर्यादा 50 डेसिबल, असा 2000 सालचा नियम आहे. सवयीने आवाज मोजायचा मीटर खिशात होता म्हणून फाटकाशी उभा राहिलो. आकडा पन्नासच्या आसपासही येईना. रिक्षा, डंपर, कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे. या आवाजात आज टोलाची रेघ काढायला बसवलं तर मुलांच्या पेन्सिली दोन बोटांवर थांबतील. बाई परवा म्हणाल्या, कानाचं मशीन आणलंय पण घालत नाही, नको ते सगळं आधी ऐकू येतं. त्यांना वर्तमानपत्रातलं कोडं सोडवताना गुणगुणायची सवय आहे आणि गुणगुणताना एक हात अजूनही गळ्याशी जातो.

तर मुख्याध्यापिका बाईंना एक विनंती. रुळाचा तो तुकडा गेलेला नाही, पाण्याच्या टाकीमागे पडलाय, मी पाहून आलो. जुना हूकही भिंतीत शाबूत आहे, रंगाखाली. साखळी मी आणतो, गंज काढायची व्यवस्था करतो. महोत्सवाच्या शनिवारी सत्कार वगैरे आटोपले की तिसरी-चौथीची मुलं अर्धा तास माझ्या ताब्यात द्यावीत. रवा, फुगे, डबे, कागद मी घेऊन येईन. बाईंना चरईहून आणायला गाडी ठरवली आहे आणि त्या यायला तयार आहेत. फक्त वरच्या मजल्यावरच्या वर्गांना आदल्या दिवशी नोटीस फिरवून ठेवावी.