जुन्या ट्रॅक्टरचा विमा: फुल घ्यावा की थर्ड पार्टीवर भागवावं?

ट्रॅक्टर दहा-बारा वर्षांचा झाला, बँकेचा बोजा उतरला, की विम्याच्या पावतीकडे बघण्याची दृष्टी बदलते. कर्ज असेपर्यंत बँकच फुल इन्शुरन्स (दुसऱ्याच्या नुकसानीबरोबर स्वतःच्या ट्रॅक्टरचं नुकसानही भरून देणारा विमा) काढायला लावते. कर्ज फिटलं की जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सर्रास एकच निर्णय होतो: सर्वात स्वस्त थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा) काढा, नाहीतर पोलिसांनी अडवेपर्यंत काहीच काढू नका. ‘फुल की थर्ड पार्टी’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत तो दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा की, काढलेला थर्ड पार्टी विमा अपघाताच्या दिवशी खरोखर उभा राहील का? शेत विकायची वेळ येते ती ट्रॅक्टर मोडल्यामुळे नाही, ट्रॅक्टरखाली किंवा ट्रॉलीमागे माणूस गेल्यामुळे. म्हणून आधी तेच बघू.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा ४,००० रुपये दंड. हा दंड किरकोळ आहे. खरा धोका नुकसानभरपाईचा. मृत्यू किंवा जखमेसाठी पॉलिसीत रकमेची मर्यादा नसते, मोटार अपघात न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी भरते. विमा नसेल तर तीच रक्कम मालकाकडून वसूल होते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा असते. हप्ता थोडा कमी दाखवण्यासाठी काही जण ती ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. पॉलिसीच्या पानावर ‘टीपीपीडी’ (थर्ड पार्टी प्रॉपर्टी डॅमेज) असं लिहिलेली ओळ शोधा आणि तिथे कोणता आकडा आहे ते बघा. ६,००० रुपयांत समोरच्या कारचा बंपरही येत नाही.

आता ट्रॉली. आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ हाच आहे. कायद्याच्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. म्हणजे ट्रॉलीची वेगळी नोंदणी हवी आणि तिचा विमाही हवा. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर लिहून घेता येतो, त्यासाठी हप्ता वेगळा लागतो. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलेल्या, आरटीओत कधीच न गेलेल्या ट्रॉलीचा नंबर पॉलिसीत येणार कुठून? रात्री रस्त्याच्या कडेला उसाची किंवा कापसाची ट्रॉली उभी आहे, टेल लॅम्प नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि मागून मोटरसायकल येऊन आदळते. असल्या दाव्यात कंपनीचा वकील पहिलं बोट ठेवतो ते नोंद नसलेल्या ट्रॉलीवर. निकाल कुठेही लागो, मालक काही वर्षं तारखांना फिरतो. ट्रॉली पासिंग करून घेणं, पॉलिसीत तिचा नंबर चढवणं आणि मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावणं ही तीन कामं फुल इन्शुरन्सच्या आधीची आहेत.

ट्रॉलीतल्या माणसांचं काय? कापूस वेचणीला निघालेल्या बाया, लग्नाचं वऱ्हाड, सारंगखेड्याच्या किंवा मनुदेवीच्या यात्रेला निघालेलं घर. हे सगळे ट्रॉलीतच बसतात, आणि यांपैकी कुणालाही या पॉलिसीचं संरक्षण आहे असं गृहीत धरू नका. ट्रॅक्टरच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बसायची जागा बहुतेकदा एकच, चालकाची. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ च्या आशा राणी निकालात स्पष्ट केलं. मडगार्डवर बसलेल्यालाही तोच प्रश्न. एजंट ‘सगळं कव्हर आहे भाऊ’ म्हणतो तेव्हा त्याला विचारा, ट्रॉलीतल्या मजुराचं कव्हर कोणत्या ओळीत आहे, ती ओळ दाखव. सालदार आणि पगारी ड्रायव्हरसाठी मात्र सोय आहे. ‘लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर’ हे कव्हर अगदी थोड्या जादा हप्त्यात मिळतं. घरचं कुणी न चालवता सालदारच ट्रॅक्टर चालवत असेल तर ते घेतलंच पाहिजे.

पॉलिसीवर ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ असा एक परिच्छेद असतो. शेतीच्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीत तिथे शेतीकामासाठी वापर असं लिहिलेलं असतं आणि भाड्याने वापर वगळलेला असतो. तापी, गिरणा किंवा पांझरेतून वाळू आणणं, वीटभट्टीच्या विटा ओढणं, बांधकामावर मुरूम टाकणं हे शेतीकाम नाही. अशा फेरीत माणूस दगावला तर न्यायाधिकरण कधी कंपनीला ‘आधी पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतं. मृताच्या घरच्यांना पैसे मिळतात, पण मालकाची सुटका होत नाही, वसुलीची नोटीस त्याच्याच नावाने येते. भाड्याची कामं नियमित करत असाल तर ट्रॅक्टर आरटीओत आणि विम्यात व्यावसायिक वापरासाठी दाखवा. हप्ता वाढेल, पण तोच खरा विमा.

चालकाच्या लायसन्सबद्दल एक दिलासा आहे. रिकाम्या वजनाला ७,५०० किलोच्या आतला ट्रॅक्टर एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या मुकुंद देवांगन खटल्यात सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तेच कायम केलं. शेतातला ट्रॅक्टर या वजनात बसतो. पण लायसन्स मुदतीत हवं. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात स्टिअरिंग देणं सोडून द्या. कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वर गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. विम्याचा दावा तर तिथेच अडतो.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. बाजारात सौदा होतो, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी होते, आरसी जुन्याच मालकाच्या नावावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीनकुमार निकालात सांगितलं की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि तोच जबाबदार. म्हणजे तीन वर्षांपूर्वी विकलेल्या ट्रॅक्टरने अपघात केला तरी नोटीस विकणाऱ्याच्या दारात येते. घेणाऱ्याची बाजूही कच्ची. आरसी नावावर झाली की थर्ड पार्टी संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे जातं, पण स्वतःच्या ट्रॅक्टरच्या नुकसानीचं संरक्षण जात नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला अर्ज द्यावा लागतो. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ट्रॅक्टरबरोबर येत नाही, तो विकणाऱ्याचाच राहतो. शिवाय पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या ट्रॅक्टरची आरसी पाच वर्षांसाठी नव्याने करून घेतली आहे का तेही बघा. मुदत संपलेल्या आरसीवर विमा निघाला, म्हणून दावा मिळेल असं नाही.

एवढं जागेवर असेल तर फुल इन्शुरन्सचं गणित मांडायला हरकत नाही.

फुल पॉलिसीत भरपाई देताना पार्टांवर घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, कापतात. टायर, ट्यूब, रबर, प्लास्टिक, बॅटरी यांवर सरळ ५० टक्के. लोखंडी पार्टांवर वयाप्रमाणे: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहा वर्षांच्या पुढे ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. समजा बारा वर्षांचा ट्रॅक्टर पलटी झाला आणि बिल ६०,००० झालं. त्यात मजुरी १२,०००, लोखंडी पार्ट ४०,०००, रबर आणि टायर ८,०००. मजुरीचे १२,००० पूर्ण, लोखंडाचे २०,०००, रबराचे ४,०००, म्हणजे ३६,०००. त्यातून पॉलिसीत लिहिलेली सक्तीची वजावट (मालकाने स्वतः सोसायची रक्कम) जाते आणि नो क्लेम बोनस शून्यावर येतो. व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत (विम्यात ट्रॅक्टर याच गटात येतो) दिवे, मडगार्ड, बोनेट, बाजूचे भाग, रंग हे वेगळं कव्हर घेतल्याशिवाय धरतच नाहीत. ते ‘आयएमटी २३’ या नावाने मिळतं, आणि त्यातही गाडीचं इतर नुकसान त्याच वेळी झालेलं असावं लागतं. म्हणून किरकोळ ठोकरीसाठी जुन्या ट्रॅक्टरला फुल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते घ्यायचं चोरी, आग आणि पूर्ण नुकसान यांसाठी. उद्या ट्रॅक्टर गेला तर दुसरा घ्यायला पदरी पैसे आहेत का? नसतील तर फुल घ्या. असतील तर थर्ड पार्टी पुरे.

फुल घेणार असाल तर सगळं अवलंबून आहे आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या किमतीवर. नव्या गाडीला पाच वर्षांपर्यंत ठरलेला तक्ता असतो, पाचव्या वर्षी किंमत निम्म्यावर येते. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो आणि किंमत कंपनी व मालक यांनी आपसात ठरवायची असते. इथेच शेतकरी गप्प बसतो. कॉम्प्युटरने सुचवलेला आकडा एजंट टाकतो आणि तीन लाखांचा ट्रॅक्टर दीड लाखावर लागतो. चोरी झाली तर मिळणार दीड लाखच. दुसरं असं की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. म्हणजे दीड लाखाच्या आयडीव्हीवर सव्वा लाखाची दुरुस्तीही ‘टोटल लॉस’ ठरते, आणि दुरुस्त होण्यासारखा ट्रॅक्टर हातचा जातो. नूतनीकरणाआधी चारी बाजूंचे फोटो, तासांच्या मीटरचा फोटो, इंजिन बांधलं असेल त्याचं बिल, नव्या टायरचं बिल आणि त्याच मॉडेलच्या दोन-तीन ताज्या सौद्यांचे आकडे द्या आणि लेखी मागणी करा. फुगवून लावण्यातही अर्थ नाही. हप्ता जास्त जातो आणि दाव्याच्या वेळी सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) बाजारभावावरून वाद घालतो.

फुल पॉलिसीत काय येत नाही तेही ऐका. झीज, यंत्रातला बिघाड आणि जादा भाराने किंवा ताणाने झालेलं नुकसान. चढावर ओव्हरलोड ट्रॉली ओढताना हाउसिंग तडकलं तर ते विम्याचं काम नाही. गाडी न चोरता नुसती ॲक्सेसरीज चोरली तर भरपाई नाही. रोटाव्हेटर, पल्टी नांगर हे नाव घालून उतरवले नसतील तर पॉलिसीत नाहीत. ट्रॉलीतला कापूस किंवा केळी जळली तर मोटार विमा काही देत नाही, दुसऱ्याचा माल असला तरी नाही. त्यासाठी माल वाहतुकीचा वेगळा विमा लागतो.

कठडा नसलेल्या विहिरीत ट्रॅक्टर गेला तर तो अपघात फुल पॉलिसीत बसतो, पण काढण्याच्या खर्चाला मूळ शब्दरचनेत २,५०० रुपयांचीच मर्यादा आहे. क्रेनचं भाडं त्याच्या कितीतरी पट असतं, म्हणून ही मर्यादा वाढवून घ्या. आणि पाण्यातून निघालेल्या इंजिनाला चुकूनही सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन फिरला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान कंपनी तुमच्या माथी मारते. नाल्याच्या पुरात बुडालेल्या ट्रॅक्टरलाही हेच लागू. बॅटरीची वायर काढा, फोटो घ्या, कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत खोलू नका. माणूस जखमी असेल किंवा चोरी असेल तर पोलीस ठाण्यात त्याच दिवशी नोंद करा. चोरीच्या दाव्यात दोन्ही किल्ल्या मागतात, तेव्हा दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

मालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा पॉलिसीबरोबर जोडलेला असतो. तो ज्याच्या नावावर आरसी आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे त्यालाच लागू होतो. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर, त्यांच्याकडे लायसन्स नाही आणि चालवतो मुलगा, अशी बहुतेक घरांची स्थिती. तिथे त्या कव्हरचे पैसे वाया जातात आणि चालवणारा उघडा पडतो. त्यापेक्षा मुलाच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा.

पॉलिसीची तारीख चुकवू नका. थर्ड पार्टीला खंड पडला तर नवी लगेच निघते, पण फुलला खंड पडला की आधी गाडीची तपासणी होते, आणि ९० दिवस उलटले की जमलेला नो क्लेम बोनस जातो. ज्यांची तारीख जून-जुलैत पडते त्यांनी हप्त्याची रक्कम बियाणं-खतांच्या खरेदीआधीच बाजूला काढावी. सर्वात जास्त खंड पडतात ते त्याच महिन्यांत.