तवंग तुटला नाही

ऑगस्टात सकाळीच पेणजवळच्या एका शेतकरीदादांचा फोन आला, "खाचरात तेल आलंय." म्हटलं, झालं, यंदाचंही गंजाचं पाणी आलं! आमच्या जमिनीखालच्या डिझेल पाइपलाइनीच्या पट्ट्यात पावसाळ्यात असे फोन ठरलेले. तांबड्या मातीतलं लोह पाण्यात उतरतं, त्यावर जिवाणू पोसतात आणि वर हुबेहूब तेलासारखा रंगीत तवंग धरतो. ओळखायला काठी पुरते. जिवाणूंचा तवंग काठीनं पापडासारखा तुटतो, तुकडे तसेच तरंगत राहतात. तेल असेल तर काठीमागून पुन्हा मिळून येतं.

लाइनीवर पायी गस्त घालणाऱ्या लाइन वॉकरनं बांधाकडेला काठी फिरवली. तवंग तुटला. मी वही काढलीसुद्धा. तो मात्र चार पावलं आत भातात शिरला, काठी ओढली, आणि तिच्यामागं रंग हळूच पुन्हा जुळले. त्यानं काठीचं टोक आधी स्वतःच्या नाकाशी नेलं, मग माझ्या.

कंट्रोल रूमला विचारलं, तर स्काडावर, म्हणजे लाइनीची मीटरं दुरून दाखवणाऱ्या यंत्रणेवर, सगळं ठीक. खोटं नव्हतं ते. दोन टोकांच्या मीटरांतली तफावत टक्क्याच्या आत असली की आमची यंत्रणा गप्प बसते. अशी झिरप त्यात सहज लपते.

पंपिंग थांबवून दोन्हीकडचे व्हॉल्व बंद केले. थांबलेलं डिझेल निवलं की आकसतं, त्यामुळं प्रेशर सुरुवातीला उतरतंच. म्हणून शेजारच्या टप्प्याशी ताडून पाहिलं. तो दुपारपर्यंत स्थिरावला, आमचा उतरतच राहिला. तोवर शेतातलं पाणी बाहेर सोडणाऱ्या उघाडीच्या तोंडाशी पेंढ्याचे भारे टाकून झाले होते, पलीकडे खाडीच.

जेसीबी लावायची सोय नाही. फावडी, घमेली, आणि दर थोड्या वेळानं गॅस मीटर. पाइप उघडा पडायला रात्र झाली. वेल्डिंगच्या सांध्यावरची गंजरोधक वेष्टणाची स्लीव्ह खालच्या अंगानं सुटलेली, आत पाणी, आणि सुईच्या नेढ्याएवढं भोक. जवळच्या खांबावर सीपीचं, म्हणजे पाइपला हलका करंट देऊन गंज रोखायच्या सोयीचं, रीडिंग उणे १.१ व्होल्ट. उणे ०.८५ च्या पुढं, म्हणजे उत्तम! पण सुटलेल्या स्लीव्हखाली तो करंट पोचतच नाही. हे मी नव्या पोरांना शिकवतो.

क्लॅम्प बसला तेव्हा शेतकरीदादा बॅटरी धरून उभेच होते.

"साहेब, गेल्या साली काठी बांधावरनंच फिरवलीत ना?"

मी वहीतलं गेल्या ऑगस्टचं पान काढलं. 'लोहाचा तवंग. गळती नाही.' खाली माझीच सही.