अनाथ आहे हे सिद्ध करायला अकरा महिने

अकरा महिन्यांतले नऊ जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातल्या एकाच टेबलापुढे गेले. अनाथ प्रमाणपत्र हातात पडून चार महिने झाले, तरी त्या कार्यालयावरून बस गेली की माझं डोकं फिरतं.

कागदावर सगळं सोपं आहे. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत बालकल्याण समितीचा (निराधार मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या समितीचा) आदेश, संस्थेचा म्हणजे बालगृहाचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला. पडताळणी होऊन अर्ज विभागीय उपायुक्तांकडे जातो, सही तिथे होते.

माझं घोडं नावावर अडलं. मी दोन-अडीच वर्षांचा असताना एसटी स्टँडवर सापडलो. समितीच्या आदेशात माझं नुसतं नाव आहे. शाळेत आडनावाशिवाय फॉर्म घेईनात, म्हणून अधीक्षकांनी मला एक आडनाव लावून दिलं. टेबलावरच्या बाबूंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "ही दोन वेगळी माणसं आहेत."

"साहेब, दोन्ही मीच."

"तसं संस्थेकडून लिहून आणा."

संस्था मी बाहेर पडल्यावर बंद झालेली. हे सांगितलं तर "मग आमचा नाइलाज आहे." पुढच्या खेपेला त्या टेबलावर दुसरेच बाबू. त्यांनी आईवडिलांच्या मृत्यूचा दाखला मागितला. आईवडील कोण हेच ठाऊक नाही, तर दाखला कुणाचा आणू? मान वर न करता ते म्हणाले, "मग अनाथ कशावरून?"

त्या दिवशी मी जिन्यात बसून राहिलो. कुरिअरच्या गोदामात कामाला होतो, प्रत्येक खेपेला दिवसाचा खाडा. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब निवडणुकीच्या कामाला. अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण २०१८ पासून आहे, पण प्रमाणपत्राअभावी भरतीचा एक फॉर्म डोळ्यांदेखत गेला.

शेवटी ताईंना फोन केला. ताई आमच्या बालगृहात समाजसेविका होत्या. सतत काहीतरी लिहीत बसायच्या, आम्ही पोरं वैतागायचो. मला वाटलं आता धीर देतील. त्यांनी विचारलं, "अर्जाची पोच घेतलीस का?" घेतली नव्हती. (तुम्ही घ्या. आवक क्रमांक आणि शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.) मग म्हणाल्या, "आपली संस्था बंद झाली तेव्हा सगळ्या नोंदवह्या जिल्हा कार्यालयात जमा केल्यात. मीच गठ्ठे बांधले होते."

म्हणजे इतके महिने मी जिथे चकरा मारत होतो, त्याच इमारतीत.

त्यांच्या सांगण्यावरून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माझ्या प्रवेशाच्या नोंदीची प्रत मागितली. तीस दिवसांची मुदत असते, सव्विसाव्या दिवशी फोन आला. वहीतल्या त्या पानावर ताईंचं अक्षर होतं: "निळा स्वेटर. उजव्या पायात चप्पल नाही." शेऱ्याच्या रकान्यात वेगळ्या शाईने शाळाप्रवेशाची तारीख, आडनाव आणि अधीक्षकांची सही. बाबूंनी पान पाहिलं आणि म्हणाले, "हे आधी नाही का सांगायचं?"

पुढचं सगळं दोन महिन्यांत उरकलं.

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडत असाल तर निघायच्या आधी आपल्या फाइलची झेरॉक्स मागून घ्या, समितीचा आदेश आणि गृहचौकशी अहवाल (घरच्यांची चौकशी करून लिहिलेला) यांच्यासकट. मी पिशवीत कपडे भरले आणि निघालो. बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठी असलेल्या अनुरक्षण गृहात एकविसाव्या वर्षापर्यंत राहता येतं, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत, हेही मला उशिरा कळलं. तोवर खोली शोधताना "गाव कुठलं, वडील काय करतात" याला खोटी उत्तरं देऊन झाली होती. एका घरमालकाने खरं ऐकल्यावर आगाऊ घेतलेले पैसे परत केले, वर चहा पाजला. आताच्या खोलीच्या करारावर साक्षीदार म्हणून ताईंची सही आहे.

आणि हो, प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका. मी त्याच दिवशी संध्याकाळी करून आणलं. ताई फोनवर ओरडल्या, मूळ कागदावर उद्या कुणाला शिक्का मारायचा असेल तर कुठे मारणार म्हणून.